घाटात गाडी गिअरला धरेना

कार्बोरेटरच्या गाड्या होत्या तेव्हा आयडलिंग, म्हणजे पेडलवर पाय नसताना इंजिन किती आरपीएमवर चालायचं ते, हे स्क्रूड्रायव्हरचं काम होतं. सिग्नलला बंद पडतीय का, फिरव अर्धा फेरा, आवाजाकडं कान दे, झालं. नंतर एमपीएफआय, म्हणजे इंजेक्टरनं पेट्रोल मारायची पद्धत आली, ते सांभाळणारा कॉम्प्युटर म्हणजे ईसीयू आला, पण थ्रॉटल बॉडीवर, म्हणजे इंजिनात हवा जायच्या तोंडावर, अजून एक छोटा स्क्रू दिसतोच आणि तो दिसला की काही मिस्त्रींचे हात शिवशिवतात. मागच्या पावसाळ्यात आमच्या साताऱ्यातल्या गॅरेजला अशीच एक केस आली, स्क्रू तेवढाच पण त्यानं काका घाटात अडचणीत आले असते.

काका एसटीत ड्रायव्हर होते, आता रिटायर, राहायला यवतेश्वरच्या वर. म्हणजे खाली यायचं तर रोज घाट. गाडी पेट्रोल हॅचबॅक, जुनी, केबलवाल्या थ्रॉटलची. आल्या आल्या म्हणाले, "मिस्त्री, गाडी गिअरला धरत नाही. दुसऱ्यावर टाकली तरी पळतीय, ब्रेकवरच आणावी लागते, काल खाली आलो तर लायनरचा वास यायला लागला." इथं आधी ब्रेकच बघतात सगळे. आम्ही पण चाकं उतरवली, पॅड ठीक, फ्लुइड ठीक. पण ज्या माणसानं आंबेनळी घाटात वर्षानुवर्षं भरलेली बस उतरवली त्याला गाडी गिअरला धरत नाही, म्हणजे उतारावर पाय काढला तरी इंजिन गाडीला रोखत नाही, हे कळणारच, त्याच्या बोलण्यावर भरवसा ठेवून इंजिनकडं वळलो.

स्कॅनर लावला तर एकही कोड नाही, चेक लाइट पण नाही. नवीन पोरं इथंच फसतात, कोड नाही म्हणजे गाडी ओके. मी लाइव्ह डेटा उघडला. पाणी 88 डिग्री म्हणजे इंजिन पूर्ण गरम, आणि आरपीएम 1300 ला ठाण मांडून बसलेला. या इंजिनाला गरम असताना 800 च्या आसपास यायला पाहिजे. टीपीएस, म्हणजे थ्रॉटल किती उघडा ते सांगणारा सेन्सर, 0.64 व्होल्ट. आणि खाली एक ओळ असते थ्रॉटल बंद आहे की उघडा, तिथं चक्क उघडा दाखवत होता, पेडलवर कोणाचा पाय नसताना.

पेडलची केबल ढिली आहे का बघितली, होती, म्हणजे थ्रॉटल केबल ओढत नव्हती. मग बटरफ्लायच्या, म्हणजे थ्रॉटलमधल्या हवेच्या झडपेच्या, लिव्हरखाली टॉर्च मारली. तोच छोटा स्क्रू, लिव्हर ज्यावर टेकते तो स्टॉप स्क्रू, त्यावर कंपनीतनं पिवळा रंग टाकून येतो, तो लॉक नटावर अर्धा आणि स्क्रूच्या डोक्यावर अर्धा असा दोन तुकड्यांत होता आणि नटाच्या कडा पक्कडीनं खरवडलेल्या. विचारलं तर काका म्हणाले, उन्हाळ्यात एसी लावला की सिग्नलला बंद पडायची, एका ठिकाणी दाखवली, त्यांनी पाच मिनिटात आयडलिंग वाढवून दिलं, पैसे पण घेतले नाहीत.

आता होतं काय ते सांगतो. ह्या गाड्यांत आयडलिंगची हवा बटरफ्लायच्या बाजूनं एका वेगळ्या वाटेनं जाते आणि ती किती सोडायची ते आयएसी व्हॉल्व्ह ठरवतो, ईसीयूच्या सांगण्यावरून. पण हे सगळं कधी, तर टीपीएस म्हणाला की थ्रॉटल बंद आहे तेव्हाच. स्क्रू आवळून बटरफ्लाय जरा उघडी ठेवली की ईसीयूला वाटतं ड्रायव्हरचा पाय पेडलवर आहे, मग तो आयडल सांभाळायचं सोडून देतो. त्याहून वाईट म्हणजे उतारावर पाय काढल्यावर पेट्रोल पूर्ण तोडायचं असतं, ते पण तोडत नाही. इंजेक्टर चालूच, इंजिन ओढतच राहतं, गाडी धरणार कशी? काही ईसीयू चावी फिरवल्यावर नवीन व्होल्टेजलाच शून्य धरून घेतात, ह्यातला तसा नव्हता.

मूळ दुखणं वेगळंच होतं. थ्रॉटल बॉडी उतरवली तर बटरफ्लायच्या कडेनं काळं रिंगण, आयएसीच्या टोकावर कार्बनची टोपी, हवेची वाट निम्मी बुजलेली. एसीचा लोड आला की व्हॉल्व्ह हवा देऊ शकत नव्हता म्हणून बंद पडायची. क्लीनर, मऊ ब्रश, नवं गॅस्केट. स्क्रू मागं घेतला तोवर पिवळ्या रंगाचे दोन्ही तुकडे समोरासमोर जुळले, टीपीएस 0.50 वर आला आणि स्कॅनरवर थ्रॉटल बंद. बटरफ्लाय बोअरमध्ये अडकत नाही ना तेवढं हातानं बघून लॉक नट आवळला.

साफ केल्यावर पहिल्यांदा आरपीएम चढतो, घाबरायचं नाही, ईसीयूनं कार्बनच्या हिशोबानं जास्त हवा शिकून ठेवलेली असते. जुनं शिकलेलं पुसलं, सगळे लोड बंद ठेवून फॅन लागेपर्यंत चालू ठेवली, मग एसी लावून. हळूहळू 800 वर टेकला. (ही पद्धत गाडीगणिक बदलते, आणि पेडलला वायर असलेल्या नव्या गाड्यांत चावी चालू असताना बटरफ्लायला बोट लावायचंच नाही, मोटर बोट पण चेपते आणि थ्रॉटलमधला छोटा गिअर पण जातो.)

मग ट्रायल. गाडी काकांनाच दिली, मी बाजूला स्कॅनर मांडीवर घेऊन. वर गेलो, वळवली, खाली निघालो. दुसरा गिअर, पाय काढला, आरपीएम 2600, आणि इंजेक्टरचा टाइम 2 मिलिसेकंदावरनं सरळ 0. सायलेन्सरच्या वाटेवरचा ऑक्सिजन सेन्सर पण तळाला, म्हणजे पेट्रोल जातच नाही. वेग कमी होऊन आरपीएम 1500 च्या खाली आला तसं पेट्रोल परत सुरू, धक्का नाही काही नाही. काकांना आकडे दाखवायला गेलो तर बघितले पण नाहीत, "धरली," एवढंच म्हणाले आणि पुढच्या वळणाला ब्रेकला हात, म्हणजे पायच, लावला नाही.

बिलावरनं थोडी घासाघीस झालीच, एका स्क्रूचे एवढे? गॅस्केटचं पाकीट आणि कार्बननं काळा झालेला कपडा दाखवला तेव्हा गप्प बसले.

पुढच्या आठवड्यात सकाळी सकाळी फोन. गाडी थंड असताना रेस जास्त होतीय, परत घेऊन येऊ का? म्हणलं पाणी गरम होईल तसं खाली येतंय का? हो म्हणाले. मग काही नाही काका, थंडीत ईसीयू मुद्दाम चढवतो, कोणाला स्क्रूला हात लावू देऊ नका. "म्हणजे स्कूटरचा चोक आता गाडीच ओढतीय म्हणा की," म्हणाले आणि ठेवला फोन.