वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे : २.७ किलोमीटरचा विमानप्रवास

स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटांवरच्या वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे या दोन विमानतळांमधलं अंतर जेमतेम २.७ किलोमीटर, म्हणजे जवळपास एडिंबरा विमानतळाच्या धावपट्टीएवढंच. लोगनएअर या स्कॉटिश विमान कंपनीच्या वेळापत्रकात या उड्डाणाला २ मिनिटं दिलेली असतात. विक्रम ५३ सेकंदांचा. १९६७ पासून सुरू असलेली ही जगातली सर्वांत छोटी नियमित विमानसेवा आहे.

अंतर भागिले वेग, हा हिशेब इथे चालत नाही. या मार्गावरच्या छोट्या आयलंडर विमानाचा वेग ताशी २४० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे ४० सेकंद पुरायला हवेत. पण विमान त्या वेगाला पोचायच्या आधीच उतरायला लागतं. विक्रमी उड्डाणाची सरासरीसुद्धा ताशी १८३ किलोमीटरच भरते. त्यात विमानाला वाऱ्याकडे तोंड करून चढावं-उतरावं लागतं. वारा सोयीचा नसला की वळसा पडतो आणि एवढ्याशा प्रवासात तो एक वळसाही वेळ दुप्पट करू शकतो.

आधी ऑर्कनीचं मुख्य शहर कर्कवॉल गाठायचं. एडिंबरा, ग्लासगो, ॲबर्डीन आणि इन्व्हर्नेसहून तिथे विमानं जातात. भारतीय पासपोर्टवर ब्रिटनचा व्हिसा लागतो, शेंगेन व्हिसा चालत नाही. कर्कवॉलहून तिकीट काढताना मार्ग नीट बघा: काही विमानं थेट पापा वेस्ट्रेला जातात आणि मग हा छोटा टप्पा हुकतोच. शनिवारी-रविवारी दोन्ही दिशांना उड्डाण असेलच असं नाही.

विमानात जास्तीत जास्त ८ प्रवासी बसतात. कोणी कुठे बसायचं हे वजनाच्या तोलावर ठरतं, त्यामुळे वैमानिकाशेजारच्या जागेसाठी हट्ट धरू नका. मोठी बॅग कर्कवॉलच्या मुक्कामी ठेवा. पंख वरच्या बाजूला असल्याने खिडकीतून खालचं पाणी मोकळं दिसतं, आणि मध्ये पडदा-भिंत नसल्याने वैमानिकाच्या खांद्यावरून समोरचं बेटही. चित्रण करायचं असेल तर विमान धावायला लागण्याआधीच कॅमेरा सुरू करा. चाकांनी जमीन सोडल्यावर खिसा चाचपत बसलात तर पापा वेस्ट्रे आलेलं असेल.

खरी अडचण धुक्याची. समुद्रावरून येणाऱ्या धुक्याला तिथे ‘हार’ म्हणतात. ते उतरलं की विमानं थांबतात, म्हणून त्याच दिवसाचं पुढचं तिकीट काढू नका. मध्ये एक रात्र मोकळी ठेवा. वेस्ट्रेवरच्या पिएरोवॉल गावाहून पापा वेस्ट्रेला प्रवासी होडीही आहे, साधारण २५ मिनिटांची. मात्र जोराचा वारा असेल तर तीही अडते.

परतीचं विमान लगेचचं घेऊ नका. पापा वेस्ट्रेवर नॅप ऑफ हावर हे साडेपाच हजार वर्षांपूर्वीचं दगडी घर उभं आहे, आत जाताना कमरेत वाकावं लागतं. मे ते जुलैमध्ये उत्तर टोकाला गेलात तर टोपी घाला. सुरय पक्षी घरट्याजवळ येणाऱ्याच्या थेट डोक्यावर झेपावतात.