पऱ्यावरचा बंधारा

राजापूर तालुक्यातल्या आमच्या वाडीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. तरीही फेब्रुवारीत विहिरी तळ गाठतात, कारण सच्छिद्र जांभ्या दगडातून पाणी पाझरून निघून जाते. त्यावर उपाय म्हणून आम्ही तिघा स्थापत्य अभियंत्यांनी सलग दोन वर्षे दिवाळीनंतर पऱ्यावर, म्हणजे वाडीतल्या ओढ्यावर, मातीने भरलेल्या पोत्यांचा वनराई बंधारा घातला. दोन्ही वर्षे पाणी जानेवारीतच आटले. आम्ही बांधाची उंची किती वाढवावी यावर वाद घालत राहिलो, पण मुळात जागाच चुकली असेल, ही शंका तिघांपैकी एकालाही आली नाही.

तिसऱ्या वर्षी देवळातल्या बैठकीत, पऱ्यावर रोज धुणे नेणाऱ्या एका काकींनी सांगितले की वरच्या वळणाला चिकणमाती आहे आणि तिथे पाणी होळीपर्यंत टिकते. चिरेखाणीत उमेदीची वर्षे घालवलेल्या एका दादांनी लगेच पुस्ती जोडली की आमच्या बांधाखालच्या कातळाला उभ्या भेगा आहेत. बंधारा चाळीस पावले वर सरकला आणि पाणी मार्चअखेरपर्यंत पुरले.

लू हाँग आणि स्कॉट पेज या संशोधकांनी २००४ मध्ये संगणकीय प्रारूपातून हेच दाखवले होते. सर्वांत हुशार म्हणून निवडलेले लोक बहुधा सारखाच विचार करतात आणि म्हणून एकाच जागी अडतात. वेगवेगळ्या रीतीने शोधणारे वेगवेगळ्या जागी अडतात, त्यामुळे एकाची वाट खुंटते तिथून दुसरा पुढे जातो. त्यातल्या गणितावर नंतर आक्षेप घेतले गेले, आणि प्रश्न अवघड असावा व प्रत्येकाला त्याची काही जाण असावी, या अटीही आहेतच. काकींना पऱ्याची जाण आमच्याहून कितीतरी अधिक होती.

मग काकी दोन वर्षे गप्प का राहिल्या? कारण प्रत्येक बैठक आमच्या नकाशापासून सुरू होत असे. उलट, १९०६ मध्ये इंग्लंडमधल्या प्लिमथच्या प्रदर्शनात लोकांनी, कापून साफ केल्यावर बैलाचे वजन किती भरेल याचे अंदाज आपापल्या चिठ्ठीवर लिहिले होते. संख्याशास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टन यांनी त्यांतल्या ७८७ चिठ्ठ्या तपासल्या, तेव्हा मधला अंदाज १२०७ पौंड निघाला आणि खरे वजन ११९८ पौंड होते. आधी एखाद्या जाणत्याने आकडा उच्चारला असता, तर बहुतेक चिठ्ठ्या त्याच आकड्याभोवती घुटमळल्या असत्या, असे मला वाटते.

यंदाच्या बैठकीत नकाशा मी पिशवीतच ठेवला आणि आधी पाणी भरणाऱ्या बायकांना बोलायची विनंती केली.