लॅपटॉप माझा, अकाउंट दुकानातल्या पोराचं

आधी एक काम करा, मग पुढचं वाचा. विंडोजवाला लॅपटॉप असेल तर सेटिंग्जमध्ये जा, अकाउंट्स उघडा, त्यात युअर इन्फो. तिथे जो ईमेल दिसतोय तो तुमचाच आहे ना बघा. मी चार महिने बघितला नाही, त्याची ही गोष्ट.

विंडोज १० चा फुकटचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार म्हणून जुना डबा बदलायचं ठरवलं. नवीन लॅपटॉप गावातल्या दुकानातूनच घेतला, ऑनलाइन नको, काही झालं तर माणूस समोर असतो म्हणून. (हसू नका.) दुकानदार म्हणाले सर, सगळं सेट करून देतो, तुम्ही फक्त झाकण उघडायचं. पोराने अर्ध्या तासात दिला, पिन १२३४ ठेवला होता. घरी येऊन मी पिन बदलला आणि झाला लॅपटॉप माझा असं समजून बसलो.

पहिल्या आठवड्यात डेस्कटॉपवर एक लग्नपत्रिकेची पीडीएफ दिसली. ना ओळखीचं आडनाव ना गाव. वाटलं दुकानातल्या पोराने प्रिंटर चेक करायला टाकली असेल, डिलीट केली. मग वनड्राइव्हचं (मायक्रोसॉफ्टची ऑनलाइन जागा, अकाउंटला जोडलेल्या लॅपटॉपच्या डेस्कटॉपवरच्या फाइल्स तिकडेही जातात) स्टोरेज फुल असं सारखं यायला लागलं. मी तर वनड्राइव्ह कधी उघडलंच नव्हतं, मग फुकट मिळणारं ५ जीबी भरलं कोणी? तरी डोक्यात प्रकाश पडला नाही.

फेब्रुवारीत बायोसचा, म्हणजे लॅपटॉप चालू करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरचा, अपडेट आला, मी ओके दाबलं. लॅपटॉप परत चालू झाला तो निळ्या स्क्रीनवर, ४८ आकडी रिकव्हरी की टाका म्हणे. हल्ली विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं की बऱ्याच लॅपटॉपची डिस्क आपोआप कुलूपबंद होते आणि त्या कुलपाची किल्ली त्याच अकाउंटमध्ये जाऊन बसते. आता व्यवस्था वाईट नाही, लॅपटॉप चोरीला गेला तर चोराला काही वाचता येत नाही. फक्त अकाउंट आपलं पाहिजे! मी माझ्या ईमेलने मायक्रोसॉफ्टच्या साइटवर जाऊन बघितलं तर तिथे माझा लॅपटॉपच नाही.

गेलो दुकानात. मालक म्हणाले फॉरमॅट मारतो, पाचशे रुपये. म्हटलं आत घराचे कागद आहेत, बायकोच्या पीएफचे फॉर्म आहेत, दोन वर्षांचे हिशोब आहेत. मग कळलं की ते पोरगं सगळ्या गिऱ्हाइकांचे लॅपटॉप एकाच अकाउंटवर सेट करायचं, सारखं नवीन कोण काढत बसणार म्हणून. आणि ते पोरगं काम सोडून चाकणला कंपनीत लागलेलं. पासवर्ड मालकांकडे होता, वहीच्या मागच्या पानावर, पण टाकला की कोड जायचा पोराच्या जुन्या नंबरवर. त्याचा फोन लागेना. उद्या या. परवा या. शनिवारी या, शनिवारी त्याला सुट्टी असते. शनिवारी दुकानच बंद, मालक लग्नाला. मी रोज ऑफिसातून सुटलो की तिथे जाऊन उभा, आणि मालक प्रत्येक वेळी पहिल्यांदाच बघितल्यासारखं विचारायचे, काय प्रॉब्लेम आहे सर?

नवव्या दिवशी पोराचा नवीन नंबर मिळाला तो शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडून. पोरगं स्वभावाने बरं निघालं, पण जुनं सिम गावाला, आईच्या बटणाच्या फोनमध्ये. मग काय, दुकानातून आईला फोन लावला. म्हटलं मावशी, आता एक मेसेज येईल त्यातला नंबर तेवढा वाचून दाखवा. मावशी म्हणाल्या, कोण तुम्ही? असला नंबर कुणाला सांगायचा नाही, बँकेतल्या बाईंनी बजावून सांगितलंय. आणि ठेवला फोन.

काय बोलणार? मी स्वतः घरात सगळ्यांना हेच सांगत असतो. एवढ्या सगळ्या प्रकरणात नीट वागलेलं माणूस एकच, त्या मावशी. शेवटी पोराने स्वतः फोन करून समजावलं, तोवर पहिला कोड संपला, दुसरा मागवला, त्यात सहा की नऊ यावर घोळ झाला, तिसऱ्यांदा उघडलं एकदाचं.

आणि जे उघडलं ते बघून मी गारच झालो. तीसेक लॅपटॉपच्या किल्ल्या एका खाली एक. कुणाच्या त्याचा पत्ता नाही, नुसती कॉम्प्युटरची नावं. निळ्या स्क्रीनवर की आयडी दिसतो त्याची पहिली आठ अक्षरं जुळवायची, त्याचा फोटो मी काढून नेला होता म्हणून बरं, नाहीतर अजून एक फेरी. त्याच अकाउंटच्या वनड्राइव्हमध्ये गेलो तर माझं खरेदीखत, त्याच्या शेजारी कुणाची तरी मार्कशीट, कुणाचं जीएसटीचं बिल, सगळं एकाच डेस्कटॉप नावाच्या फोल्डरमध्ये. म्हणजे ती लग्नपत्रिका खरीच कुणाची तरी होती आणि मी ती त्यांच्याही लॅपटॉपवरून उडवली असणार.

४८ आकडे टाकले, लॅपटॉप उघडला. कागद आधी पेनड्राइव्हवर घेतले आणि रिसेट दिस पीसी, रिमूव्ह एव्हरीथिंग, म्हणजे सगळं पुसून लॅपटॉप कोरा. नुसतं अकाउंट बदलून भागत नाही, जुनी किल्ली तिकडे राहतेच. वनड्राइव्हमधून माझ्या फाइल्स पोराला फोनवर सांगून डिलीट करून घेतल्या, रिसायकल बिनमधून पण, नाहीतर तिथे ३० दिवस पडून राहतात. आधी पेनड्राइव्हवर कॉपी, मग तिकडे डिलीट, हा क्रम चुकवू नका, उलटं केलं तर तुमच्याकडचंही जातं.

रिसेटनंतर सेटअप स्वतः केला, वीस मिनिटं लागली. त्यात प्रायव्हसीची बटणं येतात, लोकेशन, डायग्नोस्टिक डेटा (लॅपटॉप कसा चालतोय याची माहिती), टायपिंग, जाहिरातींचा आयडी वगैरे, बहुतेक आधीच चालू असतात. मी फाइंड माय डिव्हाइस (हरवलेला लॅपटॉप शोधायचं) आणि त्याला लागणारं लोकेशन सोडून बाकी सगळी बंद केली. ऑप्शनल डायग्नोस्टिक डेटा चालू असला तर ब्राउझरमधल्या साइट्स, कुठलं ॲप किती वापरता हे पण मायक्रोसॉफ्टकडे जातं. रिक्वायर्ड नावाचा डेटा मात्र विंडोजच्या होम आणि प्रो आवृत्त्यांमध्ये बंदच होत नाही, शोधत बसू नका, मी एक रविवार घालवलाय. फ्रान्सच्या सीएनआयएलने, म्हणजे तिथल्या डेटा संरक्षण संस्थेने, विंडोज १० वरून मायक्रोसॉफ्टला दिलेली नोटीस जुलै २०१६ मध्ये जाहीर केली, तेव्हा मायक्रोसॉफ्टने या डेटाचं (तेव्हा त्याला बेसिक म्हणायचे) प्रमाण जवळपास निम्मं केलं आणि जून २०१७ मध्ये प्रकरण मिटलं. म्हणजे कमी करता येतं, कोणीतरी मागे लागायला लागतं.

हो, आणि नवीन किल्ली कागदावर लिहून कपाटात ठेवलीय, सोन्याच्या पावत्यांबरोबर. बायको हसते, हसू दे.

मालकांना म्हटलं बाकीच्या तीस लोकांना फोन करून सांगा. म्हणाले, कशाला सर उगाच, कुणाची तक्रार आलीय का? मग मीच त्यांच्या काउंटरवर बसून बिलबुकातून नंबर काढायला लागलो. आत्तापर्यंत अकरा झालेत. लग्नपत्रिकावाले अजून सापडले नाहीत.