तुम्ही विचारलंत म्हणून: शेजारचं प्यादं तिरकं का मारतात?

गणपतीत गावी आलेले चाकरमानी असोत, नाहीतर १ जूनला बंदी लागली की होड्या वर ओढून मोकळे झालेले हर्णैचे खलाशी असोत, माझ्याशी बुद्धिबळाचा पट मांडला की कधी ना कधी हा प्रश्न येतोच. "काका, मारताय शेजारचं प्यादं आणि तुमचं जातंय भलत्याच रिकाम्या घरात! हे कुठलं आणलंत मुंबईहून?" मोबाईलवर खेळणाऱ्या पोरांना त्याचं नाव ठाऊक असतं, एन पासंट. पण असं का, म्हटलं की तीही गप्प.

आधी नियम सांगतो. घरांची नावं अशी: पांढऱ्याच्या डावीकडून उभ्या पट्ट्या ए ते एच, आणि त्याच्या बाजूने आडव्या ओळी १ ते ८. पांढऱ्याचं प्यादं ई५ वर आहे, म्हणजे ई पट्टीत, पाचव्या ओळीत. काळ्याचं एक प्यादं अजून मूळ जागी, डी७ वर. काळ्याने ते एकदम दोन घरं पुढे, डी५ वर टाकलं. दोन्ही प्यादी आता शेजारी शेजारी. अशा वेळी पांढरा आपलं प्यादं तिरकं डी६ वर नेऊन डी५ वरचं काळं प्यादं उचलू शकतो. मात्र लगेचच्याच चालीत. मध्ये दुसरं काही खेळलात की हक्क गेला. मारणारंही प्यादंच लागतं आणि मरणारंही.

हा नियम सगळ्यात जास्त खटकतो तो लहानपणी ओटीवर देशी बुद्धिबळ खेळलेल्यांना. माझ्या मते तो सगळ्यात आधी कळायला हवा तोही त्यांनाच. आठवा, आपल्या देशी खेळात प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर जायचं. कॅसलिंग, म्हणजे राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवणं, नव्हतं; त्याऐवजी राजाला एकदा घोड्याची उडी मिळायची. त्या पटावर डी७ च्या प्याद्याला पुढे सरकायचं तर आधी डी६ वर थांबणं भाग होतं, आणि तिथे ई५ चं प्यादं त्याला तिरकं टिपायला बसलेलं. सुटका नव्हती.

पुढे युरोपात, मध्ययुगात, खेळ रेंगाळतो म्हणून प्याद्याला पहिल्या चालीत दोन घरांची मुभा मिळाली. वेग आला, पण पळवाटही निघाली. डी६ हा जकात नाका धरा. पूर्वी प्रत्येक गाडी तिथे थांबायची, आता एक गाडी न थांबता सुसाट पुढे गेली. एन पासंट म्हणतो, गाडी पुढे गेली असली तरी जकात नाक्यावरच वसूल होणार. म्हणून पांढरं प्यादं डी५ वर न जाता डी६ वर जातं. काळं प्यादं एकच घर चाललं असं समजून त्याला मारायचं, बस. दोन घरांची सवलत वेगासाठी दिली होती, मार चुकवण्यासाठी नव्हे. 'लगेचच' ही अटही त्यातूनच येते. प्यादं डी६ वर थांबलं असतं तरी मारायची पहिली संधी पुढच्याच चालीत होती ना?

हे सगळ्यांना एकदम पटलं असंही नाही. रुय लोपेझ या स्पॅनिश धर्मगुरूने १५६१ साली हा नियम लिहून ठेवला, पण इटलीत मात्र प्यादं बिनधास्त निसटू द्यायचे, ते थेट १८८० पर्यंत. आणि आपल्याकडचा मीर सुलतान खान! पंजाबातला, देशी नियमांवर वाढलेला. विलायतेत गेला आणि १९२९, १९३२, १९३३ अशी तीनदा ब्रिटिश अजिंक्यपदं घेऊन बसला. एक घर चालणाऱ्या प्याद्यांवर ज्याचा हात बसला त्याला दोन घरांचा खेळ जड जातो, असं कुणी म्हटलं की मी हे नाव पुढे करतो.

"मग घोड्याने का नाही मारायचं? डी६ वर त्याचीही नजर असते की!" हा पुढचा प्रश्न. खरं सांगू, मलाही हे थोडं पक्षपाती वाटतं. पण पाचव्या ओळीपर्यंत धडपडत आलेल्या प्याद्याची सगळी किंमत त्याच्या पुढच्या दोन तिरक्या घरांत असते. समोरचा फुकटात बगल देऊन गेला तर ते तिथे नुसतं शोभेला. घोड्याला पटभर कामं आहेत.

मारलंच पाहिजे असंही नाही. बरेचदा न मारणंच शहाणपणाचं, कारण आपलं प्यादं डी पट्टीत जातं आणि ई पट्टी मोकळी पडते. सक्ती एकाच वेळी: नियमात बसणारी दुसरी चालच उरली नसेल तर. तेव्हा 'चाल नाही, डाव बरोबरीत' म्हणून हात झटकता येत नाही.

आता एक मांडून बघाच. पांढरा राजा ए५ वर, पांढरं प्यादं डी५ वर, काळा हत्ती एच५ वर, मधली बाकी घरं रिकामी. काळ्याने ई७ चं प्यादं ई५ वर टाकलं. मारता येईल? नाही. एरवी मारताना ओळीतून एकच सोंगटी हलते, इथे पाचव्या ओळीतून दोन्ही प्यादी एका दमात नाहीशी होतात आणि राजा थेट हत्तीच्या तोंडी. तिथे मोबाईल ई६ वर चालीचा ठिपका दाखवत नाही. पोरं म्हणतात ॲप बिघडलं. बिघडलेलं नसतं.