सहा खुंट्या एका बाजूला

आमच्या गल्लीत दर दोन-तीन घरांमागं एक नीटचा विद्यार्थी आहे. लातूरची ही ओळखच झाली आहे. त्यामुळं माझी इलेक्ट्रिक गिटार गेली कैक वर्षं हेडफोनच्या आतच गरजते. बाहेर ऐकू येते ती नुसती टुणटुण, रिकाम्या डब्यावर रबर ताणून छेडल्यासारखी. शेजारच्या काकूंनी एकदा बायकोला विचारलं होतं, "भाऊजी रोज रात्री काय दुरुस्त करायलेत गं?"

वाजवायची अशी पंचाईत, म्हणून आमचा सगळा जोर बोलण्यात निघतो. आमचा म्हणजे माझा आणि माझ्या एका मित्राचा. तो मूळचा कंधार तालुक्यातला. नोकरीपायी लातूरला आला आणि इथलाच झाला. फेंडर आणि गिब्सन ह्या गिटारी बनवणाऱ्या दोन अमेरिकन कंपन्या. मी फेंडरवाला, तो गिब्सनवाला. आता खरं सांगायचं तर अमेरिकेत बनलेली फेंडर माझ्याकडं नाही आणि गिब्सन त्याच्याकडं नाही. मुलांच्या फिया भरणाऱ्या माणसानं त्या किमतीची चौकशीसुद्धा करू नये. माझ्याकडं आहे स्क्वायर, म्हणजे फेंडरच्याच घरचं स्वस्तातलं नाव. त्याच्याकडं एपिफोन, तशीच गिब्सनच्या घरची. पण निष्ठेला सातबारा लागत नाही. गावात ज्याच्या नावावर गुंठाभर रान नसतं, तोही पारावर बसून बैलांवर तासभर बोलतोच की.

माझा मुद्दा पहिल्यापासून एकच आहे. लिओ फेंडर हा कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावचा रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. तरी त्यानं 1950 च्या सुमाराला अशी गिटार काढली की तिची मान चार स्क्रूंनी धडाला आवळलेली. मोडली, दुसरी लावा. कुऱ्हाडीचा दांडा बदलावा तितकं सोपं. आतला पिकअप, तारेचं कंपन पकडणारा भाग, म्हणजे लोहचुंबकाभोवती बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. बोअरची मोटार जळल्यावर आपण ज्या वाइंडिंगवाल्याकडं जातो, त्याच्या हातचं वाटावं असं काम. पहिल्यांदा त्यानं ब्रॉडकास्टर म्हणून नाव ठेवलं. ग्रेच कंपनीचे ड्रम आधीच त्या नावानं विकले जात होते, त्यांनी हरकत घेतली. तेव्हा कारखान्यात लेबलवरचं तेवढं नाव कात्रीनं कापून उरलेलं चिकटवत राहिले, आणि 1951 मध्ये टेलिकास्टर हे नाव आलं. वाया काही घालवायचं नाही, ही वृत्ती मला फार जवळची वाटते. आमच्या आईनं लग्नपत्रिकांच्या पाठीवर वर्षानुवर्षं किराणा लिहिला.

"म्हणजे स्पेअर पार्टचं दुकान," मित्र म्हणतो. "गिटार नव्हं ती, सायकल हाय."

त्याचं म्हणणं, वाद्य सुताराच्या हातून यावं. ऑर्व्हिल गिब्सन मिशिगनमधल्या कॅलामाझूत मेंडोलिनी कोरायचा. त्याच्या नावाची कंपनी 1902 ची. गिब्सनमध्ये मान धडात सरसानं बसवतात, महॉगनीवर मेपलची कोरलेली दर्शनी फळी चढवतात. 1952 मध्ये आलेली लेस पॉल नावाची गिटार दाखवायची झाली की तो फोटो असा पुढं करतो, जसा काही पोरीसाठी आलेल्या स्थळाचा आहे. मी विचारतो, डोकं 17 अंश मागं कललेलं ठेवायची काय गरज होती? पडली तर मानेतच जाते. तो म्हणतो, "पाडतोस कशाला?" ह्याला उत्तर नाही.

मग विषय गुणगुणीवर येतो. ही मात्र माझी दुखरी जागा. माझ्या गिटारीतला सिंगल कॉइलचा, म्हणजे एकाच वेटोळ्याचा, पिकअप तारेचं कंपन पकडतो तसा घरातल्या विजेचा हेलकावाही पकडतो. आपल्याकडं तो सेकंदाला 50. चार्जरजवळ बसलो की माझी गिटार भजनाआधीच्या पेटीसारखा सूर धरते. गिब्सनमधल्या सेथ लव्हरनं 1955 मध्ये ह्यावर तोड काढली: दोन कॉइल शेजारीशेजारी, उलट्या गुंडाळलेल्या, चुंबकांची तोंडंही उलटी. तारेचा आवाज दोन्हींतून मिळून वाढतो आणि विजेची गुणगुण एकमेकींना खाऊन टाकते. नाव हंबकर. हा मुद्दा काढताना मित्र खुर्चीत मागं रेलतो आणि चहा मागवतो.

तो चहा अर्धा झाला की मी सांगतो, की हाच सेथ लव्हर 1967 मध्ये गिब्सन सोडून फेंडरकडं गेला. तिथं त्यानं फेंडरसाठी हंबकर केला, आणि 1972 च्या टेलिकास्टर थिनलाइनमध्ये तो बसला. मराठवाड्यातल्या माणसाला पक्षांतर समजावून सांगावं लागत नाही. गिटारवादक एरिक क्लॅप्टनचंही तेच. 1966 मध्ये लेस पॉलवर नाव काढलं आणि पुढची हयात फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टरवर, म्हणजे स्ट्रॅटवर घालवली. त्यानं तीन जुन्या स्ट्रॅटचे भाग जुळवून केलेली 'ब्लॅकी' 2004 च्या लिलावात 9,59,500 डॉलरला गेली. "म्हणजे तीन मोडल्या तेव्हा एक धड झाली," मित्र म्हणतो. गिटारवादक जिमी हेंड्रिक्स आम्हा फेंडरवाल्यांचा कुलदेव. डावखुरा, उजव्या हाताची स्ट्रॅट उलटी धरून वाजवणारा. पण तोही अधूनमधून गिब्सनची फ्लाइंग व्ही वाजवायचा, हे मित्र दर अमावस्या-पौर्णिमेला आठवण करून देतो. मग मी एपिफोनचा इतिहास काढतो. एकेकाळी ती गिब्सनची कट्टर स्पर्धक; 1957 मध्ये गिब्सननं ती कंपनीच विकत घेतली. "तुझ्या हातात हरलेल्याची गिटार आहे," मी म्हणतो. "घरात घेतलेल्याची," तो म्हणतो.

ही सगळी विद्वत्ता मागाहूनची, हे आम्हा दोघांनाही माहीत आहे. माझं कारण एवढंच, की कॉलेजात असताना संभाजीनगरला उस्मानपुऱ्यातल्या एका खोलीवर कुणाची तरी स्ट्रॅटची नक्कल मला पाच मिनिटं धरायला मिळाली होती. तिचं अंग मागून कातरलेलं, बरगडीला अलगद बसणारं. सहाही खुंट्या एकाच बाजूला, ओळीनं. त्या पाच मिनिटांत मी एक धड सूरही वाजवला नाही. मित्राचं कारण एका पुरवणीतला गिब्सनचा रंगीत फोटो. तो त्यानं कंपासपेटीच्या झाकणात चिकटवला होता. आधी जीव जडला, कारणं नंतर गोळा झाली. फेंडरच्या साडेपंचवीस इंच आणि गिब्सनच्या पावणेपंचवीस इंच तारेतला फरक तेव्हा आम्हाला कुठं ठाऊक होता? आता मात्र त्या पाऊण इंचावर आमचा रविवार निघतो. एकाच सुराला त्याची तार ढिली बसते, माझी ताठ. तो म्हणतो मींड माझ्यावर घे, बोट सोलणार नाही. मी म्हणतो, गादीवर कुस्ती कोण खेळतं?

शिवाय माझी पहिली गिटार होती कोलकात्याची गिव्हसन, लाकडी, साधी. नावात एक अक्षर इकडचं तिकडं. त्याला हे कळलं त्या दिवसापासून तो मला सांगतो, "तुझं माहेर आमच्यातच हाय लेका. सासरी जाऊन मिजास करायलास."

एकदा फार विचित्र झालं. दोघांच्या गिटारींची माहिती नीट वाचत बसलो होतो. माझ्या गिटारीच्या मानेवरची फळी, जिच्यावर बोटं फिरतात ती, इंडियन लॉरेलची. त्याच्याही गिटारीची इंडियन लॉरेलचीच. इंडियन लॉरेल म्हणजे काय म्हणून शोधलं, तर आपला ऐन. सागवानाच्या रानात उभा असतो, साल मगरीच्या पाठीसारखी, तो. आम्ही दोघं गप्प झालो. सगळा वाद ज्या लाकडावर बोटं ठेवून चालला होता, ते झाड एकच. बऱ्याच वेळानं तो म्हणाला, "पण माझ्यातला ऐन जरा काळा हाय."

गेल्या दिवाळीनंतर मामा आले. उदगीरकडचे, हाळी-हंडरगुळीच्या जनावरांच्या बाजारात उभी हयात गेलेली, दावणीला कायम देवणी जातीची जनावरं. मित्र गिटार घेऊन आला होता. दोन्ही गिटारी पलंगावर पडलेल्या. मामांनी टोपी काढली, चष्मा लावला आणि बाजारात बघतात तसं आधी लांबून बघितलं.

"हे कुनाचं?"

"ह्याचं."

"लालभडक, समद्या अंगाला एकच रंग. भरीव हाय." त्यांनी एपिफोनच्या पाठीवरून हात फिरवला. "हे लालकंधारी." म्हणजे कंधारकडची बैलांची जात.

मग माझ्याकडं वळले. माझी गिटार पांढरी. तिच्या अंगावरची मूळची पांढरी प्लेट काढून मी हौसेनं काळी बसवली आहे. मामांनी डोक्यापासून शेपटापर्यंत, म्हणजे पट्टा अडकवायच्या बटणापर्यंत, सावकाश नजर फिरवली. "पांढरं अंग, वर काळं वाकडंतिकडं ठिगळ. तोंडाच्या बाजू काळ्या असत्या तर वानेरा म्हनलो असतो. हे शेवरा."

"म्हणजे देवणी?"

"मंग!"

मी मित्राकडं बघितलं. तो ताठ बसला होता. "मामा, मी कंधारचाच हाव," तो म्हणाला.

"तरीच," मामा म्हणाले.

पुढचा दीड तास गिटारींना कुणी हात लावला नाही. उन्हात नांगराला कोण टिकतं, दुधाला कोण पुढं, माळेगावच्या जत्रेत कुणाच्या जोडीला काय भाव आला, असं सगळं निघालं. मित्राच्या आजोबांच्या दावणीला कंधारीची जोडी होती, हे मला इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कळलं. बायकोनं दोनदा चहा दिला. मध्येच लाइट गेली, तरी आवाज तेवढेच. मी मधे बसून शेवऱ्याच्या तारा पुसत होतो.

निघताना मामांनी दोन्ही गिटारी एकेका हातानं उचलून वजन बघितलं, काही बोलले नाहीत. जिन्यात माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "ओढायला कंधारीच खरं हं. पर त्याच्यासमोर म्हनू नको."