प्रश्न सिस्टरलाच विचारतात

रात्रपाळी करून आले, पण डोळ्याला डोळा लागेना. म्हणून लिहायला बसले.

पहाटे तीनच्या सुमारास सात नंबरच्या आजोबांची कूस बदलत होते. कॅन्सर हाडांपर्यंत गेलेला. पाठीशी उशी सरकवताना त्यांनी माझं मनगट धरलं. "सिस्टर, असं काहीतरी द्या ना, सुटेन एकदाचा." सकाळी राउंडला डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मात्र म्हणाले, "बरं आहे."

डॉक्टरांच्या मदतीने मरण पत्करावं का, हा वाद डॉक्टर आणि वकील घालतात. मागणं मात्र बहुतेकदा आधी आमच्या कानावर पडतं, तेही अपरात्री.

अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात १९९७ पासून याला परवानगी देणारा कायदा आहे. औषध डॉक्टर लिहून देतात, घ्यायचं रुग्णाने स्वतःच. अमेरिकन नर्सेस असोसिएशनने २०१९ मध्ये म्हटलं की नर्सने ते औषध द्यायचं नाही, पण मागणाऱ्याकडे पाठही फिरवायची नाही. कॅनडात २०१६ पासून नर्स प्रॅक्टिशनरलाही, म्हणजे जादा शिकून औषधं लिहून देऊ शकणाऱ्या नर्सलाही, मरणाचं इंजेक्शन द्यायची मुभा आहे.

माझ्या हातून ते होणार नाही. मी सिरिंज घेऊन आत शिरले की आता दुखणं कमी होईल, एवढंच रुग्णाच्या मनात यायला हवं. मॉर्फिन देतानासुद्धा नातेवाईक दबक्या आवाजात विचारतात, "याने जातील का हो?" नाही, हा डोस दुखणं थांबवायला आहे, हे मी दर वेळी न कंटाळता सांगते.

पण "असं बोलू नये आजोबा" म्हणून निघून जाणं, हे तर मला त्याहून वाईट वाटतं. पूर्वी मी तेच करायचे. काल स्टूल ओढून बसले. विचारलं, "कशातून सुटायचंय?" बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "लेकीला माझं डायपर बदलावं लागतं." दुखण्याचं नावसुद्धा काढलं नाही. ओरेगनच्या वार्षिक अहवालांतही वेदनेपेक्षा जास्त जण हेच सांगतात: आपलं आपल्या हातात राहिलं नाही, मान राहिला नाही.

सगळ्यांचं दुःख असं डायपरपाशी थांबत नाही, हे मला कळतं. सगळे उपाय करूनही ज्याचं मागणं तेच राहतं, त्याला काय सांगायचं, ते मला अजून सापडलेलं नाही.

त्यांचं बोलणं त्यांना विचारूनच नोंदीत लिहिलं, डॉक्टरांनाही सांगितलं. पुढच्या पाळीच्या सिस्टरला ओव्हर देताना सांगून आले: सात नंबरचं डायपर लेकीवर सोडायचं नाही, आपण बदलायचं, आणि पडदा पूर्ण ओढून.