खाऱ्या वाऱ्यातले कीबोर्ड

हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं आणि स्वतःच विरघळतं. किनाऱ्यावर वाजवायचे कीबोर्ड बाळगणाऱ्याने आधी हे ध्यानात घ्यावं. मालवण, वेंगुर्ला, गुहागर, हर्णे, कुठेही जा, उन्हाळ्यात वाऱ्याबरोबर आलेलं मीठ जॅकच्या भोकात, खटक्यांच्या फटीत आणि सर्किट बोर्डवर कोरडं बसून असतं. मृगाचा पाऊस सुरू झाला की त्याचं खारं पाणी होतं, तांब्यावर हिरवट थर चढतो आणि शेजारशेजारच्या दोन रेघांमधून वीज झिरपायला लागते. चालू असलेलं यंत्र आतून थोडं ऊबदार राहतं म्हणून तगतं. जे कपाटात जपून ठेवलंय तेच आधी जातं.

म्हणून संग्रह केवढा असावा, याला माझं एकच माप आहे. दर पंधरा दिवसांनी प्रत्येक कीबोर्ड पाऊण तास चालू ठेवून त्याची प्रत्येक पट्टी, प्रत्येक बटण, प्रत्येक स्लायडर हलवणं जमेल, तेवढेच ठेवावेत. कार्यक्रम करणाऱ्या माणसाला हे पाच-सहांच्या पुढे झेपत नाही.

त्या पाच-सहांत जुने घरी आणि नवे बाहेर, अशी वाटणी मला पटते. जुन्यांत यामाहा डीएक्स-७ (१९८३) त्याच्या घंटानादासाठी आणि इलेक्ट्रिक पियानोसाठी, कॉर्ग एम-१ (१९८८) पियानो आणि ऑर्गनसाठी, रोलँड जुनो-१०६ (१९८४) जाड, उबदार सुरांसाठी. रोलँड एक्सपी-८० मध्ये जादा आवाजांचे चार बोर्ड बसतात. त्यातला एशियाचा बोर्ड हाती लागला तर सोडू नका. बाहेर न्यायला यामाहाचा पीएसआर-आय ५००, कॅसिओचा सीटी-एक्स ९०००आयएन किंवा रोलँडचा एक्सपीएस-१० यांतला एक. हे वजनाला हलके, सुटे भाग मिळणारे आणि आपल्याकडचे आवाज आत घेऊनच आलेले. हळदीला किंवा बेंजो पार्टीत ऑक्टापॅडच्या शेजारी उभं राहून वाजवायला हेच बरे. समोरचे लोक तसंही कुठल्याही कीबोर्डला कॅसिओच म्हणतात. बाहेरचे आवाज भरायची सोय असलेल्या नव्यात जुन्यांचे आवाज घरी नीट रेकॉर्ड करून भरता येतात. मांडवात जुनो नेऊन धूळ आणि दव खाऊ घालण्यात काही अर्थ नाही.

जुन्याला हात लावताना आधी आतली बॅटरी बघा. डीएक्स-७, एम-१, रोलँडचा डी-५० या तिघांत टोन, म्हणजे साठवलेले आवाज, सांभाळायला ३ व्होल्टचा नाण्यासारखा सेल असतो. तो २.७ च्या आसपास उतरला की बदलायचा. पण सेल काढला की आतले सगळे टोन पुसले जातात, म्हणून आधी ते मिडी केबलने संगणकात उतरवून घ्यायचे. डीएक्स-७ चे ३२ टोन उतरवले की फाइल बरोबर ४१०४ बाइटची होते. एक बाइट जरी कमी असेल तरी ती फाइल फेकून द्या आणि पुन्हा उतरवा, बहुतेक वेळा दोष स्वस्तातल्या मिडी केबलचा निघतो. डीएक्स-७ मध्ये टोन परत चढवताना मेमरी प्रोटेक्ट ही सेटिंग बंद आणि सिस इन्फो ही चालू नसेल, तर कीबोर्ड काहीच घेत नाही. कुठली चूकही दाखवत नाही, त्यामुळे माणूस भलतीकडेच शोधत बसतो. जुना सेल डाग (सोल्डर) देऊन बसवलेला असतो. तो काढून तिथे सेलचं घर बसवा, म्हणजे पुढच्या वेळी सोल्डरिंगची गरजच नाही. नव्या सेलला थेट डाग कधीच देऊ नका, उष्णतेने तो फुटतो. एम-१ च्या पडद्यावर भलतीच अक्षरं दिसली आणि आवाज वेडेवाकडे आले तर घाबरू नका. सेल बदलून फॅक्टरीचे टोन परत भरले की बहुधा तो पूर्ववत होतो.

आता किनाऱ्यावरचं सगळ्यात नेहमीचं दुखणं. पट्टी वाजत नाही, किंवा हळू दाबली तरी एकदम पूर्ण जोरात वाजते. बहुतेक कीबोर्डांत प्रत्येक पट्टीखाली रबराचा एक फुगा असतो आणि त्याच्या पोटात कार्बनचे दोन काळे ठिपके. पट्टी दाबली की आधी एक ठिपका टेकतो, मग दुसरा. या दोन टेकण्यांमध्ये किती वेळ गेला त्यावरून जोर ठरतो. पहिल्या ठिपक्यावर ओल आणि मळ बसला की तो उशिरा जुळतो, मधला वेळ कमी भरतो, आणि यंत्राला वाटतं की पट्टी जोरात हाणली. दुसरा जुळलाच नाही तर आवाजच नाही. म्हणजे एकटी पट्टी ओरडत असेल तर बहुतेक वेळा सफाईनेच भागतं, नवा भाग लागत नाही.

सफाई अशी. वायर काढून कीबोर्ड गादीवर उलटा ठेवा. स्क्रू लांबीप्रमाणे वेगवेगळ्या वाट्यांत ठेवा, कारण लांब स्क्रू आखूड जागी गेला तर तो वरच्या प्लास्टिकमधून बाहेर येतो. चपट्या केबल सोडवण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. रबराच्या पट्ट्या बहुधा एकेका सप्तकाच्या असतात, त्या टोकाकडून हळूच उचला. ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या काडीला लावून बोर्डवरच्या काळ्या जागा एकदाच, एकाच दिशेने पुसा. रबरातले ठिपके फक्त टेकवून टिपा. घासलं तर कार्बन निघून येतो आणि मग ती पट्टी कायमची गेली. औषधाच्या दुकानातलं जखमेचं स्पिरिट चालत नाही, त्यात पाणी जास्त असतं. सगळं पंख्याखाली पंधरा मिनिटं वाळू द्या. रबर परत बसवताना त्याचे बारीक खुंट भोकांत पूर्ण गेले पाहिजेत. एक जरी खुंट वर राहिला तर शेजारच्या दोन पट्ट्या जड लागतात आणि माणूस उगाच स्प्रिंगला दोष देतो. खुंट ढकलायला बोथट दातकोरणं घ्या. पेन्सिल नको, तिचं शिसं वीज वाहून नेतं.

जुनो-१०६ मध्ये सहा सूर एका वेळी वाजतात आणि त्या सहांसाठी सहा चिप असतात, क्रमांक ८००१७ए. त्यांच्यावरचं काळं आवरण कालांतराने वीज झिरपू देतं आणि दर सहावा सूर करकरतो किंवा गप्प होतो. कुठली चिप गेली ते शोधायला ‘की ट्रान्सपोज’ नावाचं बटण दाबून धरून कीबोर्ड चालू करा. मग पट्टी दाबली की कितवा आवाज वाजतोय ते पडद्यावर दिसतं. ती चिप काढून एसिटोनमध्ये दोन-तीन दिवस बुडवून ठेवली की आवरण मऊ होऊन सुटतं, आणि बऱ्याच चिप त्यानंतर पुन्हा चालतात. रोलँडच्याच एक्सपी-८० आणि जेडी-८०० मध्ये वेगळीच कटकट असते. पट्ट्यांना वजन चिकटवायला वापरलेला लाल गोंद वितळून खाली रबरावर ओघळतो, आणि कोकणातल्या एप्रिल-मे महिन्यांत हे जरा जास्तच वेगाने होतं. असा कीबोर्ड विकत घेताना आडवा करून पट्ट्यांच्या फटीतून टॉर्च मारा. लाल ओघळ दिसला तर सगळ्या पट्ट्या काढून धुवाव्या लागणार, हे धरूनच भाव करा.

ठेवायचं कसं? प्लास्टिकच्या कव्हरात कधीच नाही, आतली ओल बाहेर जात नाही. सुती चादर घाला. कपाटात पिवळा झिरोचा बल्ब लावा, पण तो जुन्या तारेचा हवा, एलईडीचा नको. त्याच्या उबेने कपाटातली हवा दोन-चार अंश तापते आणि पाणी तेवढंच असूनही आर्द्रता खाली येते. स्वस्तातला हा बल्ब दुरुस्तीचा मोठा खर्च वाचवतो. सिलिका जेल टाकणार असाल तर केशरी दाण्यांचं घ्या, एका केसला पाव किलो. हिरवट झालं की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोन तास भाजून परत वापरा. डांबराच्या गोळ्या मात्र टाकू नका, त्यांच्या वाफेने काही प्लास्टिक मऊ पडतं. कार्ट्रिजची आणि कार्डाची भोकं चिकटपट्टीने झाका. मुंग्या आणि पाली तिथूनच आत जातात, आणि पालीची अंडी बोर्डवर फुटली की तो भाग सहसा वाचत नाही.

विजेबद्दल थोडक्यात. जपानहून आलेले जुने कीबोर्ड १०० व्होल्टचे असतात. त्यांना ११० चा ट्रान्सफॉर्मर लावून चालतं असं बरेच जण म्हणतात. जनरेटर २५० वर चढला की त्याच ट्रान्सफॉर्मरमधून १२० निघतात, तेव्हा १०० चाच घ्या, १०० व्हीएचा पुरतो. अडॅप्टरमध्ये यामाहाच्या १२ व्होल्टच्या पिनेत प्लस मध्ये असतो, रोलँडच्या ९ व्होल्टच्या पिनेत मायनस मध्ये. पिन तशीच बसते म्हणून लावू नका, दोन्हींना रंगीत टेप गुंडाळून ठेवा. मांडवात कीबोर्डच्या लोखंडाला हात लावून झिणझिण्या आल्या तर बहुधा अर्थिंग नाही, आधी ते नीट करून घ्या. मिक्सरमध्ये गुणगुण येत असेल तर कीबोर्ड आणि मिक्सरच्या मध्ये डीआय बॉक्स ही डबी लावून तिचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबा. प्लगची अर्थ पिन तोडणं हा जिवाशी खेळ आहे, पावसात ओल्या जमिनीवर उभं राहून तर नक्कीच. आणखी एक गोष्ट, वीज जाऊन आली की जुना एम-१ क्षणात तयार होतो, कॉर्ग क्रोनॉसला मात्र दोनेक मिनिटं लागतात. गणपतीत आरती चालू असताना दोन मिनिटं फार असतात, म्हणून नव्या कीबोर्डबरोबर छोटा यूपीएस हवाच.

भजनाला बसताना सुराचा प्रश्न येतो. पेटीचा सूर बुवा बदलू शकत नाहीत, कीबोर्डचा बदलता येतो, तेव्हा वाकायचं कीबोर्डने. बुवांना सांगा, खर्जाचा खटका बंद करा, फक्त नर हा सुरांचा संच ठेवा आणि मधली पांढरी सहा सारख्या भात्याने धरून ठेवा. भाता जोरात मारला तर सूर हलतो. तुम्ही कोरस किंवा व्हायब्रेटो हे सूर हलवणारे परिणाम नसलेला साधा ऑर्गन टोन लावून तीच पट्टी दाबा. दोन सूर एकमेकांत घुमायला लागतात, वॉव-वॉव-वॉव असे. घड्याळाकडे बघून मोजा. सेकंदाला दोन घुमे म्हणजे दोन हर्ट्झचा फरक, म्हणजे पेटी ४४२ वर तरी आहे किंवा ४३८ वर. मास्टर ट्यूनिंग, म्हणजे अख्ख्या कीबोर्डचा सूर, हळूहळू वर न्या. घुमे संथ झाले तर दिशा बरोबर, जलद झाले तर उलट. घुमणं पूर्ण थांबलं की आकडा मोबाइलमध्ये लिहून ठेवा. ४४५ म्हणजे ४४० पेक्षा सुमारे २० सेंट (अर्ध्या सुराचा पाचवा भाग) चढा सूर, मागे गाणाऱ्या पोरांना तो सहज खटकतो. सनईवाले सोबत असतील तर त्यांची सनई तापून सूर चढेपर्यंत थांबा, मगच मिळवा.

बुवा काळी एकवरून काळी तीनवर गेले की सगळे सूर एकदम वर-खाली सरकवणारं ट्रान्सपोजचं बटण दाबण्याचा मोह होतो. त्यात धोका एवढाच की पुढच्या गजराला ते तसंच राहतं. शक्य तेवढं हातानेच त्या पट्टीत वाजवा. ट्रान्सपोज केलंच तर गाणं संपताक्षणी अधिक-वजाची दोन्ही बटणं एकत्र दाबून शून्यावर आणा.

पहाटे घरी आलात की कीबोर्ड केसमध्ये बंद ठेवून झोपू नका. रात्रीचं दव केसच्या फोमने प्यालेलं असतं. केस उघडी करून पंख्याखाली ठेवा, पट्ट्या कोरड्या सुती फडक्याने पुसा. प्रत्येक केबलची पिन फडक्यात धरून दोनदा फिरवा आणि फडक्यावर काळसर रेघ उठते का बघा. रेघ उठायची थांबली की पुसणं पुरे.